उत्तर आणि उलगडा : इतिहासाचार्य राजवाडे

आमच्या महाविद्यालयाच्या वाचनालयात रविवारचे वर्तमानपत्र सोमवारी हाती येते. त्यातले शब्दकोडे सोडवण्यासाठी आम्हा मित्रांची झुंबड उडते. परवा एका मित्राने सगळी घरे भरून टाकली. पण अमुक शब्द येथे कसा आला, असे विचारताच तो गडबडला. अक्षरे जुळली म्हणून लिहिला, एवढेच त्याला सांगता आले. शेजारी बसलेल्या मराठीच्या सरांनी ते ऐकले. उत्तर सापडणे ही अर्धीच वाट आहे, ते कसे सापडले हे दुसऱ्याला पटवून दिले म्हणजे उलगडा झाला, असे त्यांनी समजावले आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे चरित्र वाचायला सांगितले. ते वाचून जे मनात ठसले, ते येथे मांडतो.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. घरच्या ओढगस्तीमुळे शिक्षण रखडत गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले, तेव्हा त्यांची पंचविशी उलटली होती. पत्नी अकाली वारली, आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. थोडा काळ शिक्षकी केली, तीही सोडली. १८९४ साली ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. पुढे वाई येथे पानिपतच्या काळातील जुनी पत्रे त्यांच्या दृष्टीस पडली आणि आयुष्याची दिशा ठरली. गावोगावचे वाडे, मठ आणि देवळे धुंडाळीत ते फिरू लागले. माळ्यावर धूळ खात पडलेली, वाळवीने पोखरलेली दप्तरे मागून घेऊ लागले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. अशा बावीस खंडांचे काम या एका माणसाने केले.

ही पत्रे वाचणे म्हणजे एकेक कोडेच सोडवणे होते. लिपी मोडी, दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात सन लिहायचा तो अरबी संख्याशब्दांत. ‘इहिदे सितैन मया अलफ’ एवढे शब्द आपल्यापुढे ठेवले, तर आपण काय समजणार? इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज झाली ११६१. हा सुहूर सन मृगापासून सुरू होतो. म्हणून इसवी सन काढताना वर्षाच्या पहिल्या भागात ५९९ आणि पुढच्या भागात ६०० मिळवायचे. जानेवारीतील पत्र असेल तर ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. हे पानिपतचे वर्ष! पुष्कळ पत्रांवर तर सनही नसतो, नुसता महिना आणि तारीख असते. तेव्हा पत्रात कोणाचा उल्लेख आहे, कोण हयात आहे, फौज कोठे आहे, यावरून वर्ष हुडकावे लागते. राजवाडे नुसती पत्रे छापून थांबत नसत. आपण काय अनुमान केले आणि ते कशावरून केले, हे ते लांबलचक प्रस्तावनांतून मांडत.

दुसरे कोडे आपल्या मराठवाड्याच्या अधिक जवळचे आहे. आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे तीर्थस्थान आहे. तेथील यात्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सामान्यांच्या मराठीत धर्म सांगितला आणि म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचले. पण पुढे पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ बाहेरच्या अभ्यासकांना शेकडो वर्षे जणू कुलूपबंद होता.

अशा लिपीत एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर लिहितात. समजा, ‘क’च्या जागी ‘म’ आणि ‘म’च्या जागी ‘क’ लिहायचे ठरले, तर ‘कमळ’चे ‘मकळ’ होईल. पाहणाऱ्याला ते निरर्थक वाटते. पण भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. लहान शब्द पुन्हा पुन्हा येतात, ग्रंथाचा आरंभ व शेवट ठराविक असतो. अशा खुणांवरून एकेक अक्षर सुटत जाते, आणि सुटलेले अक्षर पुढच्याला वाट दाखवते. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात सकळ लिपीचा उलगडा अभ्यासकांपुढे ठेवला. पुढे वि. ल. भावे, य. खु. देशपांडे यांच्यासारख्यांनी महानुभाव वाङ्मय मराठी वाचकांपुढे आणले. मात्र पंथातील जाणकारांना ही लिपी अवगत होतीच, हेही विसरू नये. कुलूप आपल्यासाठी होते, किल्ली त्यांच्याजवळ होती.

राजवाडे चुकलेच नाहीत असे नाही. बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली आणि ती एकनाथांच्या पूर्वीची असल्याचे प्रतिपादले. पुढील विद्वानांनी त्याबद्दल शंका घेतल्या. शब्दांच्या आणि गावांच्या नावांच्या त्यांनी लावलेल्या कित्येक व्युत्पत्ती आज मान्य होत नाहीत. जातीचा अभिमानही त्यांच्या लिखाणात डोकावतो. स्वभाव तापट. १९१० साली पुण्यात ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, तेथेही ते रमले नाहीत. अखेरची वर्षे त्यांनी धुळ्यास काढली आणि तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी आपली कारणे उघडपणे लिहून ठेवली, म्हणूनच पुढच्यांना त्यांच्या चुका दाखवता आल्या. नुसते उत्तर देणाऱ्याची चूक सापडत नाही. आणि ही कारणे त्यांनी इंग्रजीत नव्हे, तर हट्टाने मराठीत लिहिली. खेड्यातून आलेल्या माझ्यासारख्याला ती आज वाचता येतात, ती त्यामुळेच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबांना अक्षरओळख नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत शेताचा एक जुना मोडी कागद आहे. तो वाचायला कोणी गावाबाहेरचा जाणता माणूस भेटला, तर त्याने सांगितले ते खरे, अशी आमची रीत. राजवाडे वाचल्यानंतर मी सरांकडून मोडीची बाराखडी उतरवून घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत तो कागद घेऊन बसलो. वरच्या ओळीत १३२७ हा आकडा निघाला. आजोबा तो शेताचा नंबर समजत आले होते. त्याच्यापुढे ‘फसली’ हा शब्द लागला, तेव्हा उजेड पडला. निजामी अमलात फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की १९१७ साल येते. मी हे आजोबांना मातीत आकडे काढून दाखवले. बेरीज त्यांनी बोटांवर स्वतः करून पाहिली, मगच मान डोलावली.

कागदाच्या खालच्या चार ओळी अजून लागलेल्या नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा बसणार आहे.

— बी. ए. द्वितीय वर्ष