कान्हेरे, भगतसिंग, आझाद... तिघांच्या पिस्तुलामागे डोकं मात्र एकाच माणसाचं होतं

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात संगीत शारदा नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन नाटकाला आला आणि अवघ्या १८ वर्षांच्या अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हा इतिहास आपल्याकडे शाळेत शिकवतात. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत २० पिस्तुलं पाठवली होती, त्यातलंच एक कान्हेरेंच्या हातात होतं, हेही बऱ्याच जणांना माहिती असतं.

ती पिस्तुलं ब्राउनिंग होती.

आता पुढे या. डिसेंबर १९२८, लाहोर. भगतसिंगांनी साँडर्सवर झाडलेलं पिस्तूल होतं पॉइंट ३२ चं कोल्ट, नंबर १६८८९६. इंदूरच्या बीएसएफ संग्रहालयात ते कित्येक वर्षं काळ्या रंगाचा थर अंगावर घेऊन पडलं होतं. २०१६ च्या सुमारास रंग खरवडला, नंबर जुळला, तेव्हा कळलं की हेच ते. फेब्रुवारी १९३१ मध्ये अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात चंद्रशेखर आझाद एकटे पोलिसांशी लढले, त्यांच्याही हातात पॉइंट ३२ चं कोल्टच होतं. ते आज अलाहाबाद म्युझियममध्ये आहे.

नाव कोल्ट असलं तरी डिझाइन ब्राउनिंगचं. म्हणजे एकाच माणसाचं.

तर भिडूंनो, कोण होता हा ब्राउनिंग? आणि त्याने बनवलेली पिस्तुलं ज्यांच्या घरात आहेत ते लोक आज एका पत्र्याच्या डबीसाठी का वणवण फिरतायत? दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्या लागतील.

जॉन मोझेस ब्राउनिंगचा जन्म जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटाह प्रांतातल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन बंदुका बनवणारे कारागीर आणि पंथाने मॉर्मन. त्या काळच्या मॉर्मन रिवाजाप्रमाणे त्यांच्या तीन बायका आणि २२ मुलं. जॉन दुसऱ्या बायकोचा. वडिलांच्या दुकानात मोडक्या बंदुकांचा ढीग असायचा, तेच पोराचं खेळणं. लहान वयातच त्याने भंगारातून एक चालणारी बंदूक बनवून धाकट्या भावाला, मॅटला दिली. इंजिनीअरिंगची डिग्री वगैरे विषयच नव्हता. पुढे आयुष्यभर त्याची पद्धत एकच राहिली. आधी डोक्यात मांडायचं, मग थेट धातूवर काम सुरू.

१८७९ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी जॉनला पहिलं पेटंट मिळालं, एकेरी काडतुसाच्या रायफलचं. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना टाकला. ती रायफल फिरत फिरत विंचेस्टर या त्या काळच्या बड्या कंपनीच्या नजरेस पडली. कंपनीचा थॉमस बेनेट १८८३ मध्ये रेल्वेने थेट ऑग्डेनला आला आणि ८,००० डॉलरला हक्क घेऊन गेला.

इथून पुढची १९ वर्षं ब्राउनिंग विंचेस्टरसाठी डिझाइन करत राहिला. काउबॉयच्या सिनेमात हिरो खालची कडी खटाखट ओढून गोळ्या मारतो ना, त्या प्रकारातल्या विंचेस्टरच्या गाजलेल्या १८८६, १८९२ आणि १८९४ च्या रायफली याच माणसाच्या. एकूण ४४ डिझाइन्स कंपनीने विकत घेतली, पण बाजारात आणली मोजकीच. बाकीची कपाटात. दुसऱ्या कोणाला मिळू नयेत एवढाच हेतू. पैसे एकरकमी, विषय संपला.

१८८९ च्या सुमारास एक प्रसंग घडला, साधाच. नेमबाजी चालू असताना नळीतून निघणाऱ्या झोताने समोरचं गवत दर वेळी वाकतंय हे ब्राउनिंगने पाहिलं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनीच ते पाहिलं असणार. पण ही ताकद फुकट जातेय, तिच्याकडून पुढचं काडतूस भरून घेता येईल, हे त्याच्या डोक्यात आलं. त्यातून मशीनगन निघाली. मग तो पिस्तुलाकडे वळला. गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्यानेच वरचं आवरण मागे सरकतं, रिकामं टरफल बाहेर पडतं, स्प्रिंग आवरणाला पुढे ढकलते आणि मुठीतल्या मॅगझिनमधून नवं काडतूस वर येतं. चाप मात्र दर गोळीला ओढावाच लागतो. याला सेमी ऑटोमॅटिक म्हणतात. वरच्या त्या सरकत्या आवरणाला स्लाइड म्हणतात आणि आजच्या बहुतेक पिस्तुलांत ते असतंच.

ही पिस्तुलं बनवण्यासाठी त्याने दोन घरं पकडली. अमेरिकेत कोल्ट, युरोपात बेल्जियमची एफएन. बेल्जियमच्या या कंपनीचं नशीबच त्याने पालटलं. १९१४ पर्यंत एफएनने दहा लाखांवर ब्राउनिंग पिस्तुलं बनवली होती. युरोपात तर ब्राउनिंग म्हणजे पिस्तूल असंच समीकरण झालं, आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे फोटोकॉपी तसं.

१९०२ मध्ये मात्र विंचेस्टरशी फाटलं. ब्राउनिंगने आपोआप भरणारी शॉटगन बनवली होती. या वेळी त्याला एकरकमी पैसे नको होते, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी हवी होती. बेनेटने नकार दिला. ब्राउनिंग उठला आणि बाहेर पडला. मग तो रेमिंग्टन कंपनीकडे गेला. ८ जानेवारी १९०२ ला तिथल्या अध्यक्षांची भेट ठरली होती, तर भेटीआधीच त्यांना हार्ट अटॅक आला आणि ते गेले. शेवटी बोटीत बसून गडी बेल्जियमला गेला आणि एफएनशी करार करून आला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. १९ वर्षं ज्यांनी पोसलं त्यांना सोडणं सोपं नसतं, आणि ज्यांनी सोडू दिलं त्यांना पुढे किती पश्चात्ताप झाला असेल याचा हिशोबच नको.

१९११ मध्ये अमेरिकन लष्कराने त्याचं पॉइंट ४५ पिस्तूल घेतलं. चाचणीत ६,००० गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. एकदाही अडकलं नाही. पुढची ७० हून जास्त वर्षं ते सैन्यात होतं. पहिल्या महायुद्धात त्याने सरकारला बंदुकांचे हक्क साडेसात लाख डॉलरला दिले. रॉयल्टी धरून बसला असता तर कित्येक पट मिळाले असते. विंचेस्टरशी रॉयल्टीवरून भांडलेला हाच माणूस, हे विसरू नका.

आणि त्या महायुद्धाची ठिणगी? साराएव्होत गॅव्ह्रिलो प्रिन्सिपने आर्चड्यूक फर्डिनांडला मारलं ते पिस्तूल एफएनचं, १९१० चं मॉडेल. डिझाइन अर्थातच ब्राउनिंगचं. ते आज व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे.

आता येऊ त्या पत्र्याच्या डबीकडे.

भगतसिंग आणि आझादांकडे होतं त्या प्रकारचं कोल्ट १९०३ ते १९४५ या काळात साडेपाच लाखांवर बनलं. त्याला हॅमरलेस म्हणतात, पण हॅमर असतो बरं का, फक्त आत लपवलेला. मग कंपनीने ते बंद केलं. पिस्तूल पोलादाचं, नीट ठेवलं तर शंभर वर्षं टिकतं. गोळीही मिळते, कारण पॉइंट ३२ चं ते काडतूस ब्राउनिंगचंच आणि ते जगभर अजून बनतंय. टिकत नाही ते मॅगझिन. पातळ पत्रा, आत स्प्रिंग, वर काडतूस धरून ठेवणाऱ्या दोन वाकवलेल्या कडा. पिस्तूल एकदा हातातून पडलं, कडा केसभर वाकल्या की काडतूस तिरकं वर येतं आणि अडकतं. स्प्रिंग थकली तरी तेच. आणि मॅगझिनच हरवलं तर ते नाव मोठं पिस्तूल जेमतेम एका गोळीचं उरतं.

अमेरिका, युरोपातले संग्राहक म्हणूनच जुनी मॅगझिन्स शोधत असतात. त्यात ब्राउनिंगने एक गोंधळ करून ठेवलाय. १९०३ या नावाची त्याची तीन वेगवेगळी पिस्तुलं आहेत. कोल्टचं पॉइंट ३२ चं हॅमरलेस, कोल्टचंच पॉइंट ३८ चं बाहेर हॅमर असलेलं आणि एफएनचं लांब ९ एमएमचं. एकाचं मॅगझिन दुसऱ्याला बसत नाही. नुसतं १९०३ चं मॅगझिन म्हणून मागवलं की फसगत ठरलेली. त्यामुळे जाणकार आधी कॅलिबर विचारतात, मग तळाच्या पट्टीवरची अक्षरं बघतात. नव्याने बनवलेली नक्कल मिळते, पण तिला कधी कधी कानस मारून बसवावं लागतं. अस्सल जुन्या मॅगझिनचा भाव त्यामुळेच चढा असतो.

भारतात तर प्रकरण आणखी अवघड. शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्राच्याच व्याख्येत येतात, त्यामुळे परदेशातून पार्सल मागवायचा विचारही करू नका. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी पिस्तूल आयात करणं जवळपास बंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजली जातात. त्यामुळे आजोबांचं कोल्ट परवान्यासह घरात असलं, तरी मॅगझिनसाठी परवानाधारक डीलरचीच पायरी चढावी लागते, आणि त्याच्याकडेही एखादं जुनं निघालं तर निघालं.

ब्राउनिंगला हे काही बघायला लागलं नाही. २६ नोव्हेंबर १९२६ ला, वयाच्या ७१ व्या वर्षी, बेल्जियममध्ये एफएनच्या कारखान्यात काम करत असतानाच त्याचं हृदय बंद पडलं. मुलगा व्हॅलचं ऑफिस होतं ते. नावावर १२८ पेटंट होती आणि हातात एक नवं पिस्तूल अर्धवट होतं.

ते पुढे एफएनच्या द्यूदोने सेव्ह या डिझायनरने पूर्ण केलं. १९३५ मध्ये ते हाय पॉवर नावाने आलं. मॅगझिनमध्ये काडतुसं दोन रांगांत बसवलेली, एकूण १३. पुढे पन्नासहून जास्त देशांच्या सैन्यांनी ते वापरलं. आपल्या इच्छापूर रायफल फॅक्टरीचं ९ एमएम पिस्तूलही त्याचाच अवतार. २०१८ पर्यंत मूळ हाय पॉवरचं उत्पादन थांबलं. २०२२ मध्ये एफएनने त्याच नावाने नवं पिस्तूल काढलं, तेव्हा जुन्या मालकांना वाटलं चला, आता मॅगझिनचा प्रश्न सुटला.

नव्याचं मॅगझिन जुन्याला बसत नाही.