विनोबा भावे

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (जन्म : गागोदे, ११ सप्टेंबर, इ.स. १८९५, मृत्यू : पवनार, १५ नोव्हेंबर, इ.स. १९८२) हे महात्मा गांधींचे अनुयायी, भूदान चळवळीचे प्रवर्तक आणि भगवद्गीतेचे भाष्यकार होते. वयाच्या ८८व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध या तिन्हींचा त्याग करून देह ठेवला. हा निर्णय त्यांच्या अध्यात्मविचाराशी सुसंगत होता, असे त्यांचे अनुयायी मानतात. तर वैद्यकीय उपचार नाकारून स्वीकारलेला मृत्यू कोणत्या सदरात मोडतो, यावर तेव्हापासून चर्चा होत आली आहे.

बालपण आणि आश्रमप्रवेश

विनोबांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असल्याने त्यांचे शिक्षण तेथे झाले. आई रुक्मिणीबाई भाविक वृत्तीच्या होत्या. त्यांच्यासारख्या संस्कृत न जाणणाऱ्यांना गीता कळावी या हेतूने विनोबांनी पुढे 'गीताई' हा समश्लोकी अनुवाद केला. इ.स. १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी पहिली भेट झाली. इ.स. १९२१पासून वर्धा हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. बाळकोबा आणि शिवाजी हे त्यांचे धाकटे बंधूही आजन्म ब्रह्मचारी राहिले.

इ.स. १९१८च्या साथीत आईचे निधन झाले. अंत्यविधी भटजींकडून न करता आपण स्वतः करावा, असे विनोबांचे मत होते. ते मान्य न झाल्याने ते स्मशानात गेलेच नाहीत. घरीच राहून त्यांनी अध्ययन केले. श्रद्धेच्या प्रश्नावर जवळच्यांचा रोष पत्करण्याची त्यांची तयारी तरुणपणीच अशी दिसून आली होती.

आजार आणि उपचार यांविषयीची भूमिका

गांधीजींच्या परिवारात निसर्गोपचाराला मोठे स्थान होते. बाळकोबा क्षयातून बरे झाले आणि पुढे उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमाशी जोडले गेले. विनोबांची प्रकृती मुळातच नाजूक होती. इ.स. १९३८मध्ये त्यांचे वजन फारच घटले, तेव्हा गांधीजींनी त्यांना हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जाण्यास सुचवले. त्याऐवजी विनोबा धाम नदीकाठच्या पवनारला, जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहावयास गेले. सर्व कामांची चिंता मनाने टाकून, आहार सांभाळून आणि रोज थोडे थोडे खणकाम वाढवत त्यांनी प्रकृती सुधारली. हेच ठिकाण पुढे त्यांचे कायमचे निवासस्थान झाले. इ.स. १९५९मध्ये त्यांनी येथे स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले.

तथापि विनोबांनी औषध कधीच घेतले नाही, असे म्हणता येत नाही. १८ एप्रिल, इ.स. १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली आणि भूदानाचा आरंभ झाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पदयात्रेवर असताना बिहारमधील (आता झारखंड) चांडील येथे विनोबांना तीव्र हिवताप जडला. सुरुवातीस त्यांनी औषध घेण्याचे नाकारले. प्रकृती चिंताजनक झाल्यावर देशातील नेत्यांनी व सहकाऱ्यांनी आग्रह धरला आणि अखेर त्यांनी औषध घेतले. त्यानंतर ते जवळपास ३० वर्षे जगले. इ.स. १९६४पर्यंत त्यांची पदयात्रा चालू होती आणि चळवळीत ४० लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. यातील बरीच जमीन नापीक निघाली किंवा वाटपाविना राहिली. तरी चांडीलला औषध घेतले नसते, तर चळवळ ऐन भरातच नेत्यावाचून राहिली असती.

मृत्युविचार

इ.स. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली गीतेवरील प्रवचने प्रसिद्ध आहेत. त्यांतील आठवा अध्याय प्रयाणसाधनेचा आहे. अंतकाळी मनात जे असते ते जन्मभराच्या सवयीतूनच येते, म्हणून मरणाची तयारी रोज करावी, असा त्याचा आशय आहे. इ.स. १९६६मध्ये त्यांनी बाह्य कामांतून निवृत्त होऊन सूक्ष्मप्रवेश जाहीर केला, तर इ.स. १९७०मध्ये पवनार न सोडण्याचा क्षेत्रसंन्यास घेतला. त्यांच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या 'समणसुत्तं' या जैन वचनांच्या संकलनात सल्लेखनेवर स्वतंत्र प्रकरण आहे.

अखेरचे दिवस

५ नोव्हेंबर, इ.स. १९८२ रोजी विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी उपचार सुरू केले आणि प्रकृतीत काहीशी सुधारणाही दिसू लागली. मात्र ८ नोव्हेंबरपासून त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे थांबवले. पंतप्रधान इंदिरा गांधी पवनारला येऊन त्यांना भेटून गेल्या. निर्णय बदलला नाही. १५ नोव्हेंबर रोजी सकाळी त्यांचे निधन झाले. तो दिवाळीचा दिवस होता आणि जैन परंपरेनुसार महावीरांचा निर्वाणदिनही. धाम नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. इ.स. १९८३मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

मूल्यमापन

या त्यागाला उपोषण म्हणणे नेमके ठरत नाही. इ.स. १९७९मध्ये विनोबांनी गोवधबंदीसाठी उपोषण केले होते. त्यामागे मागणी होती आणि सरकारकडून आश्वासन मिळताच ते सुटले. इ.स. १९८२मध्ये कोणतीच मागणी नव्हती, त्यामुळे तडजोडीलाही वाव नव्हता. समर्थक त्याला प्रायोपवेशन म्हणतात. महाराष्ट्रात त्यापूर्वीची दोन उदाहरणे ठळक आहेत : दिगंबर जैन आचार्य शांतिसागर यांनी इ.स. १९५५मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली, तर विनायक दामोदर सावरकर यांनी इ.स. १९६६मध्ये मुंबईत अन्न व औषध सोडले. सावरकरांची भूमिका बुद्धिवादी होती. म्हणजे हा मार्ग केवळ धर्मश्रद्धेतूनच निवडला गेला असे नाही.

टीकाकारांच्या मते उपचाराने वाचू शकणारे आयुष्य असे संपवणे म्हणजे आत्महत्याच, आणि आदरणीय व्यक्तीने ते केले की अनुकरणाचा धोका वाढतो. येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. इ.स. १९४४मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा मरणासन्न असताना त्यांना पेनिसिलिनची इंजेक्शने देण्यास गांधीजींनी विरोध केला होता. तो निर्णय दुसऱ्या व्यक्तीच्या देहाविषयी होता. विनोबांनी घेतलेला निर्णय केवळ स्वतःपुरता होता.

विनोबांच्या मृत्यूसमयी भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. राजस्थान उच्च न्यायालयाने इ.स. २०१५मध्ये जैनांच्या संथारा व्रताला बेकायदेशीर ठरवले; त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. इ.स. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याच्या हक्काला मान्यता देऊन, पुढे बरे होण्याची आशा नसल्यास आपल्यावर उपचार करू नयेत असे आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली.