सर्पगंधेला जगापुढे नेणारे डॉ. रुस्तम वकील

पुणे-सातारा रस्त्यावरील वरवे बुद्रुकसारख्या गावातही रक्तदाबाची गोळी नेमाने घेणारे वडीलधारे आज घरोघरी दिसतात. ती गोळी चुकत राहिली, की वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा स्नायू आधी जाड होतो आणि मग थकतो. पाय सुजतात, आडवे होताच धाप लागते. हार्ट फेल्युअरकडे नेणारी ही वाट अडविणाऱ्यांत मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील हे आघाडीचे नाव.

१९११ मध्ये मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेले वकील लंडनमध्ये वैद्यक शिकून परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. त्या काळी थकलेल्या हृदयासाठी डिजिटॅलिस होते, लघवी वाढविणारी पाऱ्याची इंजेक्शने होती. मात्र मूळ रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना १९४४ मध्ये हार्ट फेल्युअर झाल्याचे निदान झाले. डिजिटॅलिस आणि कमी मीठ यांवर त्यांना काही काळ आराम पडला, पण रक्तदाब चढतच राहिला आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. जिथे अध्यक्षांची ही गत, तिथे सामान्य रुग्णाचे काय?

सर्पगंधेचे मूळ आपल्या वैद्यांना निद्रानाश आणि उन्मादावरील औषध म्हणून ठाऊक होते. त्याने रक्तदाब उतरतो, हे कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच नोंदविले होते. पण परदेशात त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. वकिलांनी ५० रुग्णांचे औषधापूर्वीचे आणि नंतरचे आकडे चिकाटीने मांडले. १९४९ मध्ये तो लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि पाश्चात्य वैद्यक जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार, तर १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले.

औषध निर्दोष नव्हते. नाक चोंदणे, मरगळ, कधी खोल नैराश्यही येई. त्यामुळे पुढे ते मागे पडले, आणि ते योग्यच झाले. तरीही १९७० मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ३८० पुरुषांवरील जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातील औषधांत रेसर्पिन होते. औषधे घेणाऱ्या गटात हार्ट फेल्युअर कोणालाही झाले नाही. निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या गटात मात्र ते झाले. वकिलांना हा निष्कर्ष हयातीत पाहता आला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.