बोलपटाचे ध्वनिलेखक : विष्णुपंत दामले

अंगारकी चतुर्थीच्या दिवशी टिटवाळ्याला महागणपतीच्या दर्शनासाठी यात्रेकरूंची रीघ लागते. देवळातील आरतीचे स्वर ध्वनिवर्धकातून दूरवर उभ्या असलेल्या माणसांच्या कानी पडतात. आवाज असा मोठा करता येतो, साठवून ठेवता येतो आणि हवा तेव्हा पुन्हा ऐकता येतो, याचे आज आपणांस मुळीच नवल वाटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशातील चित्रपट मुके होते. पडद्यावर राजे बोलत, राण्या रडत, योद्धे गर्जना करीत. पण प्रेक्षकांना त्यांतले काहीच ऐकू येत नसे. पडद्यासमोर बसलेले वादक तबला-पेटी वाजवीत आणि कथानक समजावे म्हणून अधूनमधून पडद्यावर लिहिलेली वाक्ये येत. या मुक्या चित्रांना मराठी वाणी देण्याचे अवघड कार्य ज्यांनी केले, त्यांत विष्णुपंत दामले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी झाला. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींचा ओढा होता. एक चित्रकला आणि दुसरी यंत्रे. तरुणपणी ते कोल्हापूरला आले. तेथे आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे दोघे कलावंत बंधू नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगवीत असत. विष्णुपंत बाबुरावांचे शिष्य झाले. त्यांच्या हाताखाली राजवाडे, अरण्ये व नदीकाठ रंगविता रंगविता त्यांची दृष्टी तयार झाली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रकाशित झाला. हलणारी चित्रे आपणही काढावीत, असा ध्यास पेंटर बंधूंना लागला. पण चित्रे टिपणारा कॅमेरा आणावयाचा कोठून? परदेशी यंत्राची किंमत परवडणारी नव्हती. मग स्वतःच कॅमेरा तयार करावयाचा, असा निश्चय झाला. कॅमेऱ्यात फिल्मची फीत एका ठरावीक गतीने पुढे सरकावी लागते. प्रत्येक चित्रापुरती ती क्षणभर थांबली पाहिजे आणि लगेच पुढे गेली पाहिजे. दातेरी चाकांत केसाएवढा फरक पडला तरी चित्र थरथरते. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले, तरी बाबुरावांनी प्रयत्न सोडला नाही. १९१८ च्या सुमारास त्यांनी विष्णुपंतांच्या साहाय्याने चालता कॅमेरा सिद्ध केला. त्यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’चा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली लोकांपुढे आला. यंत्र उघडावे, त्याचा प्रत्येक भाग समजून घ्यावा आणि मगच त्यावर विसंबावे, हा धडा विष्णुपंतांना येथेच मिळाला.

याच कंपनीत शेख फत्तेलाल नावाचे एक गुणी चित्रकार होते. विष्णुपंतांची आणि त्यांची मैत्री जडली ती जन्मभर टिकली. सारे लोक एकाला दामलेमामा म्हणत, तर दुसऱ्याला साहेबमामा. धर्म निराळे, स्वभाव निराळे; पण कामाची निष्ठा मात्र एकच. १९२८ साली दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. तुतारी फुंकणारी स्त्री हे या कंपनीचे बोधचिन्ह होते. मात्र ती तुतारी ऐकू येण्यास अजून अवकाश होता, कारण ‘प्रभात’चे आरंभीचे सर्व चित्रपट मूकपटच होते.

आणि लवकरच मोठा प्रसंग उभा राहिला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. लोकांच्या झुंडीच्या झुंडी तेथे लोटल्या. बोलणारी, गाणारी चित्रे पाहिल्यावर मुकी चित्रे कोणाला आवडणार? ‘प्रभात’ला तर जेमतेम दोन वर्षे झाली होती. बोलपट काढावयाचा तर नवी यंत्रे हवीत, नवी विद्या हवी, आणि पैसाही हवा. न काढावा तर कंपनी बंद पडणार! भागीदारांनी बोलपटाचा मार्ग पत्करला. ध्वनिलेखनाचा सारा भार विष्णुपंतांच्या शिरावर आला. ही विद्या त्यांनी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेली नव्हती. तरीही त्यांनी तो भार शांतपणे उचलला.

हे ध्वनिलेखन कसे होत असे, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण बोलतो तेव्हा हवेत कंप निर्माण होतात. मायक्रोफोन या कंपांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. या लहरी फार क्षीण असतात. म्हणून काचेच्या नळ्या बसविलेल्या वर्धकातून त्या बलवान कराव्या लागतात. मग त्या लहरींच्या तालावर प्रकाशाचा एक बारीक किरण कमीजास्त होतो आणि धावत्या फिल्मवर त्याचा ठसा उमटतो. अशा रीतीने आवाजाचा चित्राप्रमाणेच प्रकाशलेख तयार होतो. चित्रपटगृहात याच्या उलट क्रिया घडते. फितीच्या कडेला असलेल्या त्या अरुंद पट्टीतून दिव्याचा प्रकाश जातो, प्रकाशविद्युत घटावर पडतो, त्यातून पुन्हा विजेच्या लहरी निघतात आणि पडद्यामागच्या ध्वनिक्षेपकातून शब्द उमटतात. आज संगणकात ध्वनी अंकांच्या रूपाने साठवितात. त्या काळी मात्र तो फितीवर प्रत्यक्ष पाहता येत असे!

परंतु यात अडचणी पदोपदी होत्या. मूकपटाच्या वेळी कॅमेरा हाताने फिरविला तरी चालत असे. आता दर सेकंदाला बरोबर २४ चित्रे, म्हणजे मिनिटाला ९० फूट फीत, या गतीत रेसभरही फरक चालेना. गती मंदावली की आवाज घोगरा होई, वाढली की चिरका. मायक्रोफोनला तर सारेच ऐकू येई. नटाच्या संवादाबरोबर कॅमेऱ्याची घरघर, दिव्यांची गुणगुण, बाहेरून जाणारी बैलगाडी आणि झाडावरचा कावळाही फितीवर नोंदला जाई. गाणे आणि चित्र एकाच वेळी घ्यावे लागे. त्यामुळे वादकांना देखाव्याच्या आड, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसवीत. गायकाचा आवाज वाद्यांत बुडू नये आणि मायक्रोफोनही चित्रात दिसू नये, अशी जागा शोधावी लागे. आणि एवढे सारे करून काम साधले की नाही, हे तेव्हाच्या तेव्हा समजत नसे. फीत रसायनांत धुऊन निघाली की मगच आवाज ऐकावयास मिळे. तोवर पैसा खर्च झालेला असे आणि फीतही संपलेली असे. म्हणून ध्वनिलेखकाचा कान तेज असावा लागे आणि त्याहूनही अधिक त्याचे चित्त स्थिर असावे लागे. विष्णुपंतांपाशी हे दोन्ही गुण होते.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी ‘अयोध्येचा राजा’ हा ‘प्रभात’चा पहिला बोलपट मुंबईत प्रकाशित झाला. कथा राजा हरिश्चंद्राचीच. पण फाळक्यांचा हरिश्चंद्र मुका होता आणि हा हरिश्चंद्र मराठीत बोलत होता. गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांचे संवाद आणि गाणी पडद्यावरून ऐकताना प्रेक्षक थक्क झाले. हाच बोलपट हिंदीतही तयार करण्यात आला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून त्याची गणना होते आणि त्याचे ध्वनिलेखक म्हणून विष्णुपंतांचे नाव कायमचे नोंदले गेले. ‘प्रभात’ तरली, इतकेच नव्हे, तर देशातील नामवंत कंपन्यांत तिची गणना होऊ लागली.

१९३३ साली कंपनी पुण्यास आली आणि तेथे तिने प्रशस्त चित्रनगरी उभारली. तेथे दामलेमामा आणि साहेबमामा यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रकाशित झाला. विष्णुपंत पागनीस यांनी रंगविलेला तुकाराम पाहून आणि केशवराव भोळे यांचे संगीत ऐकून खेड्यापाड्यांतील लोक भारावून गेले. मुंबईत हा चित्रपट पन्नासाहून अधिक आठवडे चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील चित्रपट-महोत्सवातही त्याचा गौरव झाला. मराठी न जाणणाऱ्या परीक्षकांनाही त्यातील साधी भक्ती समजली. त्यानंतर या जोडीने १९३८ साली ‘गोपालकृष्ण’ आणि १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ हे चित्रपट दिले. ‘गोपालकृष्ण’ याच नावाने ‘प्रभात’ने १९२९ साली आपला पहिला मूकपट काढला होता. नऊ वर्षांत तोच कृष्ण बोलू लागला होता!

विष्णुपंत स्वभावाने मितभाषी होते. जगाला आवाज ऐकविणारा हा माणूस स्वतः फार थोडे बोले. ५ जुलै १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे काही वर्षांनी ‘प्रभात’ही बंद पडली. तथापि १९६० साली पुण्यातील त्याच जागी चित्रपटाचे शिक्षण देणारी शासकीय संस्था सुरू झाली. जी विद्या विष्णुपंतांना कोणी शिकविली नव्हती, ती आज त्यांच्याच अंगणात देशोदेशीचे विद्यार्थी शिकत असतात.

पडद्यावर नट दिसतात, ध्वनिलेखक कधीच दिसत नाही. आवाज स्वच्छ असला म्हणजे त्याची कोणाला आठवणही होत नाही. आपले काम इतके निर्दोष व्हावे की करणाऱ्याकडे कोणाचे लक्षच जाऊ नये, यातच विष्णुपंतांसारख्या कारागिराची धन्यता असते.