ट्रायल्स सायकलचा गिअर रेशो आणि भास्कराचार्य

ट्रायल्स सायकल म्हणजे दगडांवर, कठड्यांवर उड्या मारत चढायची सायकल. सीट जवळजवळ नसतेच. मुख्य नियम एकच, पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी धुळ्यात पांझरेच्या काठच्या खडकांवर याची प्रॅक्टिस करतो.

गेल्या वर्षी एक व्हिडिओ बघून मी माझ्या सायकलला पुढे 18 आणि मागे 12 दातांचा सेट बसवला. व्हिडिओतला पोरगा त्याच सेटवर कमरेएवढ्या दगडावर चढत होता. मला गुडघ्याएवढा दगडही जमला नाही. पायडलवर जोर दिला, सायकल जागची हलली नाही, मी मात्र हँडलवरून पुढे गेलो. कोपराला पाच टाके पडले.

हात गळ्यात बांधून घरी बसलो होतो, तेव्हा ‘लीलावती’चं मराठी भाषांतर हाताशी आलं. माझी चूक मला त्यात सापडली. म्हणून आज गिअर रेशो समजून घेऊ, पण तो भास्कराचार्यांच्या आयुष्यातून.

36 व्या वर्षी ग्रंथ

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 मधला, म्हणजे इ.स. 1114. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. घराण्यात अभ्यास पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड, असं त्यांनी लिहून ठेवलंय. हे गाव नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्यांच्या घराण्याचा सगळ्यात ठोस पुरावा जळगाव जिल्ह्यात आहे, चाळीसगावजवळच्या पाटण गावी. त्याकडे शेवटी येऊ.

1150 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती ही त्यांची मुलगी, तिचं लग्न मोडलं म्हणून तिच्या नावाने पुस्तक लिहिलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. ही गोष्ट प्रसिद्ध झाली ती फैजीमुळे. त्याने अकबराच्या सांगण्यावरून 1587 मध्ये ‘लीलावती’ फारसीत नेली. मूळ पुस्तकात मात्र ही लग्नाची गोष्ट नाही. तिथे आहेत ती रोजच्या व्यवहाराची गणितं: व्याज, धान्याच्या राशी, खंदक, सावल्या आणि सोनं.

सोन्याचं गणित, सायकलचं गणित

‘लीलावती’त त्रैराशिक आहे. एका वस्तूची किंमत इतकी, तर दहाची किती? एक वाढलं की दुसरंही वाढतं. त्याच्याच पुढे व्यस्त त्रैराशिक आहे. तिथे एक वाढलं की दुसरं कमी होतं. त्यासाठी भास्कराचार्यांनी सोन्याचं उदाहरण घेतलं. सोन्याचा कस जास्त असेल तर तेवढ्याच पैशात वजन कमी मिळणार. जळगावच्या सराफ बाजारात उभ्या असलेल्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागत नाही.

सायकलची चेन हेच गणित करते. पुढच्या चक्राचे जितके दात सरकतात, तितकेच मागचे सरकतात. पुढे 18 दात आहेत. पायडलचा एक फेरा झाला की मागेही 18 दात सरकले. मागचं चक्र 15 दातांचं असेल तर त्याचे फेरे झाले 18 भागिले 15, म्हणजे 1.2. मागे 12 दात असतील तर दीड. मागचे दात वाढले की चाकाचे फेरे कमी होतात. यालाच आपण गिअर रेशो म्हणतो.

मग मी चुकलो कुठे? मी फक्त रेशो कॉपी केला, चाक बघितलंच नाही. व्हिडिओतली सायकल 20 इंची होती, माझी 26 इंची.

चाकाचा घेर

वर्तुळाचा घेर काढायला भास्कराचार्यांनी दोन रीती दिल्यात. घाईचं काम असेल तर व्यासाला 22 ने गुणा, 7 ने भागा. अचूक हवं असेल तर 3927 ने गुणा, 1250 ने भागा. दुसरी रीत फोनच्या कॅल्क्युलेटरवर टाकून बघा, 3.1416 येतं. सायकलपुरती पहिली रीतही चालते. 26 इंची चाकात दोन्ही उत्तरांमध्ये एक मिलिमीटरचाही फरक पडत नाही.

आता पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते काढू. घेर गुणिले रेशो. टायरच्या जाडीने थोडा फरक पडेल, पण अंदाज पक्का येतो.

20 इंची चाक, 18 आणि 12 दात: सुमारे 2 मीटर 39 सेंमी.
26 इंची चाक, 18 आणि 15 दात: सुमारे 2 मीटर 49 सेंमी.
26 इंची चाक, 18 आणि 12 दात (माझा पराक्रम): सुमारे 3 मीटर 11 सेंमी.

पहिल्या दोन ओळी बघा. रेशो वेगळे, चाकं वेगळी, पण अंतर जवळपास सारखं. म्हणूनच ट्रायल्समध्ये हे दोन्ही सेट चालतात. मी मात्र त्याच ताकदीत 60 सेंमी जास्त मागत होतो. पायात तेवढा जोर नव्हता, मग सायकल उचलणार कशी?

भास्कराचार्यांचं न फिरणारं चाक

मग मागे मोठं चक्र टाकून जोर वाढवत राहावा का? इथे भास्कराचार्यांची एक चूक कामाला येते.

गोलाध्यायात यंत्रांचं प्रकरण आहे. त्यात त्यांनी एका स्वयंवह चाकाचं वर्णन केलंय. हलक्या लाकडाचं चाक, त्याचे आरे पोकळ आणि थोडे वाकडे, आऱ्यांमध्ये अर्धा पारा. एकदा आसावर बसवलं की आपोआप फिरत राहणार. युरोपात विलार द ओनकूर याच्या वहीतही 13 व्या शतकात असं आपोआप फिरणारं चाक दिसतं. ही चाकं चालू राहत नाहीत. एका बाजूचा पारा आसापासून लांब जाऊन जास्त जोर लावतो खरा, पण दुसऱ्या बाजूला त्या वेळी पाऱ्याचे जास्त आरे असतात. हिशेब तिथल्या तिथे फिटतो, घर्षण उरलंसुरलं खातं आणि चाक थांबतं.

गिअरचंही तसंच आहे. तो ताकद तयार करत नाही, फक्त अदलाबदल करतो. मागे दात वाढवले की दाबायला सोपं, पण एका दाबात अंतर कमी. फार वाढवले तर पाय खाली पोचतो आणि उडी तोकडी पडते. बाइकच्या मागच्या स्प्रॉकेटलाही हेच लागू आहे: ओढ वाढते, टॉप स्पीड जातो.

तेव्हा सुरुवात अडीच मीटरच्या आसपास करा. मग मागे एकच दात बदला. 26 इंची सायकलवर 15 चे 16 केले तर सुमारे 16 सेंमी कमी होतात, 14 केले तर सुमारे 18 सेंमी वाढतात. आठवडाभर चालवून बघा, मगच पुढचा दात.

पाटणचा शिलालेख

1183 मध्ये, जवळपास सत्तरीत, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. ग्रहांची गणितं कमी कष्टात कशी करायची, याचं ते पुस्तक. उतारवयात त्यांनी आकडेमोड सोपी करून द्यायचं काम हाती घेतलं, हे मला फार आवडतं.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होता, नातू चांगदेव सिंघणाच्या. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. 1207 च्या शिलालेखात त्याची नोंद आहे आणि घराण्याची वंशावळही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 19 व्या शतकात हा लेख उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या मालातून मठाला काय मिळावं, ते त्यात लिहिलंय. म्हणजे आपल्या खान्देशातल्या बाजाराने गणिताचा क्लास चालवला होता.

टाके निघाल्यावर मी मागे 15 दात बसवले. पांझरेकाठचा तोच दगड तिसऱ्या प्रयत्नात चढलो. आता कोणी नवा सेट सुचवला की मी आधी विचारतो, चाक किती इंची?