टायनी देसाईंचा वेग आणि त्याची किंमत

चांदूर बाजारच्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी चक्कर मारा. एखादा पोट्टा लांबून धावत येऊन जीव खाऊन चेंडू टाकताना दिसेलच. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: वेग वाढवायचा कसा? मोबाइलवर त्याचं एक उत्तर तयार मिळतं. अमेरिकेतले बेसबॉलचे पिचर कमी-जास्त वजनाच्या चेंडूंनी सराव करतात. नेहमीचा बेसबॉल 142 ते 149 ग्रॅमचा. त्याहून जड चेंडूनं ताकद वाढवायची आणि हलक्या चेंडूनं हात झपकन फिरवायची सवय लावायची, अशी ती पद्धत. तसे चेंडू मागवायचा विचार असेल, तर आधी रमाकांत देसाईंची गोष्ट वाचा.

देसाईंचा जन्म 20 जून 1939 चा, मुंबईतला. उंची जेमतेम 5 फूट 4 इंच. एवढ्या उंचीचा माणूस वेगवान गोलंदाज होतो, हेच लोकांना खरं वाटत नसे. टोपणनावही पडलं ‘टायनी’. पण अंगकाठी लहान असली तरी त्यांच्या धावण्यात लय होती आणि त्यांचा बाउन्सर भल्याभल्यांना अडचणीत आणायचा. 1958-59 च्या रणजी मोसमात त्यांनी 50 बळी घेतले.

त्याच मोसमात, फेब्रुवारी 1959 मध्ये, दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी मिळाली. वय 19. समोरच्यांनी 8 बाद 644 धावा ठोकल्या. त्या एका डावात या पोरसवदा गोलंदाजानं 49 षटकं टाकली आणि 169 धावांत 4 बळी घेतले. 49 षटकं म्हणजे 294 चेंडू, तेही वेगात. जरा स्वतःच्या खांद्याला विचारून बघा.

पुढे हे असंच चाललं. भारताकडे तेव्हा वेगवान गोलंदाज फार थोडे होते आणि आपल्याकडच्या खेळपट्ट्या त्यांना साथ देत नसत. त्यामुळे चेंडू पुन्हा पुन्हा देसाईंच्याच हाती जायचा. 1959 च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर त्यांनी डावात 5 बळी घेतले. 1960-61 मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पाच कसोटींत 21 बळी काढले. त्याच मालिकेत मुंबईला दहाव्या क्रमांकावर येऊन 85 धावा केल्या आणि नाना जोशींबरोबर नवव्या विकेटसाठी 149 धावा जोडल्या.

फेब्रुवारी 1968 मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला डिक मोट्झचा चेंडू लागून त्यांचा जबडा मोडला. तरी ते मैदान सोडून गेले नाहीत. बिशनसिंग बेदींसोबत शेवटच्या विकेटसाठी 57 धावांची भर पडली आणि भारताला 9 धावांची आघाडी मिळाली. भारतानं तो सामना जिंकला. परदेशातला तो आपला पहिला कसोटी विजय!

देसाईंची मात्र ती शेवटची कसोटी ठरली. वय अवघं 28. हिशेब 28 कसोटींत 74 बळी. सतत राबवून घेतल्यानं त्यांची धार लवकर बोथट झाली, असं जाणकारांचं मत आहे. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. 27 एप्रिल 1998 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता परत त्या जड चेंडूंकडे येऊ. अमेरिकेत 13 ते 18 वर्षांच्या पिचरवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे कमी-जास्त वजनाच्या चेंडूंनी सराव केलेल्या मुलांचा वेग सरासरी 3.3 टक्क्यांनी वाढला. पण त्यांच्यातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दुखापत झाली. त्यांचा खांदा आधीपेक्षा जास्त मागे वळू लागला होता. हात मागे जितका जातो, तितका चेंडूला झोत मिळतो आणि तितकाच ताण सांध्यावर येतो. वेग आणि दुखणं एकाच वाटेनं येतात, ते असं.

देसाईंच्या हातात नेहमीच्याच वजनाचा चेंडू होता. त्यांच्या खांद्यावरचं ओझं षटकांचं होतं. ते मोजायला तेव्हा कोणी नव्हतं आणि नाही म्हणायची मुभाही त्यांना नव्हती.

तुम्हाला ती मुभा आहे. आधी पाय, कंबर आणि पाठ तयार करा. कारण चेंडूचा वेग जमिनीपासून वर चढत हातापर्यंत येतो. रोज किती चेंडू टाकले ते वहीत लिहा. खांदा किंवा कोपर दुखत असेल, त्या दिवशी थांबा. जड चेंडू घ्यायचाच असेल, तर जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखालीच घ्या. वेगासोबत खांदाही टिकला, तरच पुढच्या मोसमात तुम्ही मैदानावर दिसाल.