नाण्यांतून रोम शोधणारा कवी

इटालियन कवी फ्रान्चेस्को पेट्रार्क जगाला ठाऊक आहे तो लॉरावरील सुनीतांमुळे. प्राचीन रोमन नाण्यांचा जाणता संग्राहक ही त्याची ओळख मात्र काहीशी उपेक्षितच राहिली. युरोपातील आद्य नाणेसंग्राहकांत त्याची गणना होते.

पेट्रार्कचा जन्म २० जुलै १३०४ रोजी आरेझ्झो येथे झाला. वडील फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेले होते. पोपचे पीठ तेव्हा रोम सोडून आजच्या फ्रान्समधील आव्हिन्यों येथे गेले होते. पेट्रार्कचे बालपणही त्याच परिसरात गेले. वडिलांच्या इच्छेखातर त्याने कायद्याचा अभ्यास केला, पण मन रमले ते सिसेरो आणि व्हर्जिल यांच्या ग्रंथांत. १३४१ मध्ये रोमच्या कॅपिटोल टेकडीवर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून त्याचा गौरव झाला.

रोममध्ये द्राक्षमळे खणताना मजुरांना जुनी नाणी सापडत. ती घेऊन ते पेट्रार्ककडे येत. कधी विकण्यासाठी, तर कधी त्यावरील मुखवटा कोणाचा, हे विचारण्यासाठी. रोमनांच्या चांदीच्या नाण्याला दिनारियस म्हणत. संस्कृतातील 'दीनार' हा शब्द त्याच नावावरून आला. या नाण्यांवरील झिजलेली अक्षरे पेट्रार्क वाचत असे आणि इतिहासग्रंथांतील सम्राटांची वर्णने त्यांवरील चेहऱ्यांशी ताडून पाहत असे. त्याच्या लेखी नाणे ही केवळ मौल्यवान वस्तू नव्हती, तर तो इतिहासाचा साक्षीदार होता.

डिसेंबर १३५४ मध्ये मांतुआ येथे त्याने राजा चौथ्या चार्ल्सची भेट घेतली. रोमला पूर्ववैभव मिळवून देणारा सम्राट तो चार्ल्समध्ये पाहत होता. त्याने आपल्या संग्रहातील काही सोन्याचांदीची नाणी राजाला भेट दिली. त्यांत ऑगस्टसची मुद्राही होती. ज्यांच्या गादीचा वारसा सांगता, त्यांच्या गुणांचेही अनुकरण करा, असा या नजराण्याचा अर्थ होता.

चार्ल्सने नाणी आनंदाने स्वीकारली. परंतु ५ एप्रिल १३५५ रोजी रोममध्ये राज्याभिषेक उरकून त्याने त्याच दिवशी शहर सोडले आणि लवकरच तो आल्प्सपलीकडे परतला. व्यथित पेट्रार्कने त्याला कठोर शब्दांत पत्र लिहिले.

जुलै १३७४ मध्ये आर्क्वा या खेड्यात, सत्तरीच्या उंबरठ्यावर पेट्रार्कचे निधन झाले. रोमच्या पुनरुत्थानाचे त्याचे स्वप्न अपुरेच राहिले. नाण्यांकडे पाहण्याची त्याची दृष्टी मात्र पुढे प्रबोधनकाळातील विद्वानांनी उचलली.